सेरेंगेटीचं वासरू आणि बुळकांडी

फेब्रुवारी महिना. टांझानियातल्या सेरेंगेटीच्या दक्षिणेला नदुतूचा माळ. जीपचं इंजिन बंद केलं की चहूबाजूंनी कळपाचं हुंकारणं ऐकू येतं. समोर विल्डबीस्टची, म्हणजे गाईसारख्या दिसणाऱ्या मोठ्या आफ्रिकी कुरंगाची, एक मादी नुकतीच व्यायली आहे. ओलं, मातकट रंगाचं वासरू मागचा भाग उचलतं, कोलमडतं, पुन्हा धडपडतं. सहा-सात मिनिटांत ते चारी पायांवर उभं राहतं आणि थोड्याच वेळात आईबरोबर धावू लागतं. तरस जवळच असतात, त्यामुळे घाई करावीच लागते. बहुतेक वासरं याच दोन-तीन आठवड्यांत जन्मतात. सिंहांनी, तरसांनी पोटभर खाल्ली तरी कितीतरी वासरं उरतात.

इथलं गवत आखूड, पण कसदार. पूर्वेच्या ज्वालामुखींची राख या मातीत मुरली आहे. त्यांपैकी ओल दोइन्यो लेंगाई, म्हणजे मासाई या तिथल्या गुरं पाळणाऱ्या लोकांचा ‘देवाचा डोंगर’, आजही जागा आहे. या राखेमुळे गवताला कॅल्शियम आणि फॉस्फरस मिळतं. दूध पाजणाऱ्या मादीला हवं असतं तेच.

हा सोहळा युगानुयुगं असाच चालू असेल असं पाहणाऱ्याला वाटतं. पण आज तेरा लाखांच्या घरात असलेले विल्डबीस्ट 1960च्या सुमारास अडीच लाखांच्या आसपासच होते. त्यामागे होती बुळकांडी.

गुरं पाळणाऱ्या आपल्याकडच्या जुन्या माणसांना हा शब्द नवा नाही. ताप, तोंडात फोड, मग हगवण, आणि बघता बघता गोठा रिकामा. गोवराच्या विषाणूचा हा जवळचा भाऊबंद. याच रोगाच्या धास्तीनं 1889 साली पुण्यात जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा सुरू झाली. आजच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचा उगम तोच. जवळजवळ त्याच सुमारास हा रोग ईशान्य आफ्रिकेत उतरला, बहुधा भारतातून नेलेल्या गुरांबरोबर. मासाईंची गुरं गेली आणि त्यांच्यामागून माणसंही उपासमारीनं गेली. रानरेडे, विल्डबीस्ट यांचेही सडे पडले. ती पहिली लाट ओसरल्यावरही रोग मुक्काम ठोकून राहिला. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिकारशक्ती काही महिन्यांनी ओसरली, की विल्डबीस्टची वासरं मरत.

मग उद्यानाभोवतालच्या गावांमधल्या गुरांना लस टोचली गेली. रानातल्या एकाही विल्डबीस्टला सुई लागली नाही, तरी 1963 नंतर त्यांच्यातला रोग नाहीसा झाला. म्हणजे विषाणूचं खरं घर गोठ्यात होतं. रानातली जनावरं फक्त त्याचे बळी होती. मला या सगळ्या कथेतला हा भाग सर्वांत विलक्षण वाटतो, कारण रोग रानातून गावात येतो असंच आपण धरून चालतो. 1977पर्यंत कळप पाचपट झाला. 2011 साली बुळकांडी जगातूनच संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर असा समूळ गेलेला हा दुसराच रोग.

कळप वाढले तसा माळ बदलला. पूर्वी न खाल्लेलं गवत उभंच वाळायचं, आणि कोरड्या ऋतूत सेरेंगेटीचा फार मोठा भाग वणव्यात जळायचा. त्यात बाभळीची कोवळी रोपंही जायची. आता गवत जनावरांच्या पोटात जातं, वणव्याला जळण कमी मिळतं आणि रोपं मोठी होतात. सफारीत ज्या बाभळींच्या फांद्यांवर आपण बिबट्या शोधत असतो, त्यातल्या पुष्कळ गेल्या पन्नासेक वर्षांतच वाढल्या आहेत.