गाण्यांचा फोन घेण्यापूर्वी घरातले सिम कोणत्या कंपनीचे आहे ते पाहावे

हर्णै येथील आमच्या दुकानातून गाणी वाजवणारा बटणांचा फोन नेलेले अनेक ग्राहक दुसऱ्याच दिवशी ‘रेंज येत नाही’ म्हणून परत येतात. गणपतीत गावी आलेले चाकरमानी आईवडिलांसाठी असा फोन हौसेने नेतात आणि घरातले जुने सिम त्यात घालतात. फोन बिघडलेला नसतो, पण त्या फोनला ते सिम चालणारे नसते, आणि बहुतेक वेळा ते जिओचे असते.

जिओची सेवा ४जी आणि ५जी आहे, २जी मुळीच नाही. स्वस्तातले बरेचसे बटणांचे फोन मात्र केवळ २जीवर चालतात, त्यामुळे टॉवर अगदी घराशेजारी असला तरी त्यांत जिओचे सिम लागणार नाही. एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएलचे सिम अशा फोनमध्ये चालते. जिओभारतची गोष्ट उलटी आहे, कारण तो फोन ४जी असूनही त्यात जिओखेरीज दुसरे सिम चालत नाही. २००५ साली सोनी एरिक्सनचा वॉकमन फोन आला, तेव्हा एकाच कंपनीशी न बांधलेल्या जीएसएम (२जीचे एक तंत्र) फोनमध्ये कोणत्याही जीएसएम कंपनीचे सिम घातले की काम होत असे. ती सवय अजून गेलेली नाही.

म्हणूनच आम्ही खोके उघडण्यापूर्वी आपले सिम मागतो आणि नमुन्याच्या फोनमध्ये घालून एक कॉल लावून दाखवतो. काहींना हा वेळकाढूपणा वाटतो, परंतु सील फोडलेला फोन वितरक परत घेत नाही, त्यामुळे आम्हालाही तो बदलून देता येत नाही. कोणत्याही कंपनीचे सिम घेणारे, दोन सिमचे ४जी बटणांचे फोनही आमच्याकडे आहेत. किंमत थोडी जास्त पडते, पण पुढे कंपनी बदलली तरी फोन बदलावा लागत नाही.

गाण्यांविषयीही एक सांगणे आहे. ॲपमध्ये उतरवलेली गाणी त्या ॲपपुरतीच असतात; एअरटेलने विंक म्युझिक बंद करण्याचे २०२४ साली जाहीर केले, तेव्हा हे अनेकांच्या ध्यानात आले. होडीवर रेंज नसताना खलाशांच्या कामी येते ते मेमरी कार्डच. बटणांच्या फोनला सहसा ३२ जीबीपर्यंतचे कार्ड पुरते. १२८ केबीपीएसच्या एमपी३ गाण्याला मिनिटाला सुमारे एक एमबी लागते, म्हणजे पाच-पाच मिनिटांची सहा हजारांच्या आसपास गाणी त्यात मावतात. चित्रपटगीते कार्डात भरून देणे स्वामित्वहक्काच्या कायद्यात बसत नसल्याने ते काम आम्ही करत नाही. आपल्या भजनी मंडळाचे स्वतःचे ध्वनिमुद्रण मात्र कार्ड आमच्याकडून घेतल्यास विनामूल्य भरून देतो.