ऑटोइम्यून आजार : शरीर स्वतःवर उलटतं, हे मान्य व्हायला पन्नास वर्षं का लागली?

आमवात, कोड, ल्युपस, टाइप-१ मधुमेह. वरवर पाहता एकमेकांशी काही नातं नसलेले आजार. पण या सगळ्यांत प्रतिकारशक्ती आपल्याच पेशींवर चालून जाते. आज हे वैद्यकीचा कुठलाही विद्यार्थी सांगेल. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मात्र बहुतेकांना ते अशक्यच वाटत होतं.

याला कारण झाला एका मोठ्या माणसाचा दबदबा. जर्मनीत प्रतिकारशक्तीचे संशोधक पॉल एर्लिख यांनी १९०० च्या सुमारास शेळ्यांना दुसऱ्या शेळ्यांचं रक्त टोचून पाहिलं. परक्या तांबड्या पेशी फोडणाऱ्या अँटिबॉडी (प्रतिकारशक्तीची हल्ला करणारी प्रथिनं) तयार झाल्या, स्वतःच्या पेशींविरुद्ध मात्र नाहीत. शरीर स्वतःवर विषप्रयोग करायला धजत नाही, असं एर्लिख म्हणाले आणि त्याला 'हॉरर ऑटोटॉक्सिकस' असं भारदस्त नाव दिलं. अशा अँटिबॉडी कधीच बनणार नाहीत, असा त्यांचा दावा नव्हता. तो अर्थ पुढच्यांनी काढला, आणि तोच टिकला.

विरुद्ध पुरावा फार लांब नव्हता. १९०४ मध्येच व्हिएन्नात डोनाथ आणि लँडस्टायनर (रक्तगट शोधणारे तेच) यांनी थंडी लागली की लाल लघवी होणाऱ्या रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच तांबड्या पेशी फोडणारी अँटिबॉडी दाखवली. ती अपवाद म्हणून बाजूला पडली.

कोंडी फुटली १९५६ मध्ये. अमेरिकेत बफेलोला नोएल रोझ आणि अर्न्स्ट वितेब्स्की यांनी सशांना सशाच्याच थायरॉइडमधलं प्रथिन टोचलं, तर त्यांच्या ग्रंथीला सूज आली. गंमत म्हणजे वितेब्स्की एर्लिख यांच्याच परंपरेत शिकलेले. त्याच वर्षी लंडनमध्ये रॉइट, डोनिआख आणि सहकाऱ्यांना हाशिमोटो या थायरॉइडच्या आजाराच्या रुग्णांत थायरॉइडविरोधी अँटिबॉडी सापडल्या. जपानच्या हाकारू हाशिमोटोंनी हा आजार १९१२ मध्येच नोंदवला होता.

मग प्रश्न आला, ठिणगी कशाने पडते? आपल्याकडे परिचित उदाहरण संधिवाताच्या तापाचं. स्ट्रेप्टोकोकस जंतूने घसा धरतो, बरा होतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात, हृदयाच्या झडपा बिघडतात. जंतूवरच्या प्रथिनाचा काही भाग हृदयातल्या प्रथिनासारखा असल्याने जंतूसाठी बनलेल्या अँटिबॉडी हृदयालाही लागतात. सीलिअॅक या आतड्याच्या आजारात ती ठिणगी गव्हातलं ग्लूटेन. आमवातात धूम्रपानाने धोका वाढतो. २०२२ मध्ये अमेरिकी सैनिकांच्या रक्तनमुन्यांवरून दिसलं, की एपस्टाइन-बार विषाणूच्या संसर्गानंतर मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू-मज्जारज्जूच्या ऑटोइम्यून आजाराचा धोका सुमारे ३२ पटींनी वाढतो.

पण हा विषाणू तर बहुतेक प्रौढांच्या शरीरात असतो, आणि आजार होतो मोजक्यांना. त्यात जनुकांचा वाटा आहे, तरी तोही पुरेसा नाही : एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला टाइप-१ मधुमेह झाला म्हणून दुसऱ्याला होतोच असं नाही. बहुतेक ऑटोइम्यून आजार बायकांत जास्त का, याचंही पुरतं उत्तर नाही. म्हणून 'मला हे कशामुळे झालं?' असं रुग्णाने विचारल्यावर एकच कारण ठासून सांगणाऱ्यापासून जरा सावधच राहावं.

खरं तर स्वतःवर उलटू शकणाऱ्या काही पेशी निरोगी माणसातही असतात. त्यांना आवरणाऱ्या टी-पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवल्या. त्या घडवणारं फॉक्सपी-३ जनुक बिघडलं की उंदरांत आणि लहान मुलांत गंभीर ऑटोइम्यून आजार होतो, हे २००१ मध्ये मेरी ब्रंकाउ आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्या कामातून कळलं. तिघांना २०२५ चं नोबेल मिळालं. आता याच पेशी वाढवून रुग्णाला देता येतील का, याच्या चाचण्या चालू आहेत.