बर्लिनच्या कोरियन जेवणामागच्या परिचारिका

बर्लिनमध्ये कोरियन जेवायला कुठे जावं असं विचारलं, की हल्ली पहिलं नाव निघतं क्रॉइत्सबेर्ग या भागाचं. टेबलातच बसवलेल्या शेगडीवर आपलं आपण मांस भाजून घ्यायचं, तिखट-गोड सॉसमध्ये घोळवलेलं चिकन हाताने खायचं, आणि आजूबाजूला कोरियन मालिका बघून तिथे पोचलेली तरुण मंडळी. क्रॉइत्सबेर्गला जरूर जावं. पण या शहरात कोरियन जेवण मालिकांच्या आणि पॉप संगीताच्या कितीतरी आधी आलं, आणि ते आणलं रुग्णालयांत रात्रपाळ्या करणाऱ्या बायकांनी. त्यांची हकिकत ठाऊक असेल तर कुठे जायचं आणि काय मागवायचं, हे दोन्ही नीट ठरवता येतं.

सुरुवात झाली 1963च्या डिसेंबरात. पश्चिम जर्मनीला कोळशाच्या खाणींत माणसं हवी होती. युद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या दक्षिण कोरियात तेव्हा दरडोई वार्षिक उत्पन्न शंभर डॉलरच्या आसपास होतं आणि शिकलेल्या तरुणांनाही काम नव्हतं. दोन्ही सरकारांत करार झाला आणि खाणकामगारांची पहिली तुकडी रुहर खोऱ्यात उतरली. यातले कित्येक जण पदवीधर होते, त्यांनी खाण कधी पाहिलीही नव्हती. 1977पर्यंत असे जवळपास 8,000 पुरुष आले.

परिचारिकांची मोठी तुकडी आली जानेवारी 1966मध्ये. फ्रँकफर्टच्या विमानतळावर 128 कोरियन नर्स एकदम उतरल्या. पुढच्या दहा वर्षांत ही संख्या 10,000च्या वर गेली. पश्चिम बर्लिनला त्यांची गरज खास होती. 1961मध्ये पूर्व आणि पश्चिम बर्लिनच्या मध्ये भिंत उभी राहिली आणि पूर्वेकडून रोज कामाला येणारे लोक एका रात्रीत बंद झाले. रुग्णालयांत हात कमी पडू लागले, ते कोरियन मुलींनी भरून काढले. विशीतल्या मुली, तीन वर्षांचा करार, पगारातला मोठा हिस्सा घरी धाडायचा. भावंडांच्या फिया, घराचं छप्पर, शेताचा तुकडा, सगळं त्यातून. ज्या प्रशिक्षित नर्स म्हणून आल्या होत्या, त्यांच्याही वाट्याला सुरुवातीला बऱ्याचदा साफसफाई आणि रुग्णांना न्हाऊ-माखू घालणं आलं, कारण जर्मन बोलता येत नव्हतं.

आता जेवण. वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात बटाटा, ब्रेड आणि चीज खाऊन या मुली कंटाळून जात. किमचीला, म्हणजे कोबी तिखट-लसणात आंबवून केलेल्या लोणच्याला, लागणारा लांबट कोबी मिळत नसे, मग साधा पांढरा कोबी चिरून, मिठात मुरवून, मिळेल ते तिखट लावून किमची घातली जाई. जर्मनांचा आंबवलेला कोबी, म्हणजे साउअरक्राउट, आणून त्यालाच तिखट-लसणाची जोड दिल्याच्या आठवणीही त्या पिढीतल्या बायका सांगतात. लसणाच्या वासावरून शेजारच्या खोल्यांतून तक्रारी येत, म्हणून खिडक्या उघड्या टाकून, वेळ बघून रांधायचं. वसंतात जंगलात लसणाच्या वासाचा रानपाला उगवतो, जर्मन त्याला बेरलाउख म्हणतात. तसाच पाला कोरियाच्या डोंगरांत खातात. तो खुडायला सुटीच्या दिवशी टोळकी निघत. पुढे ज्यांना शहराकडेचा भाड्याचा बागेचा तुकडा मिळाला, त्यांनी तिथे पेरिला ही कोरियन जेवणातली सुवासिक पालेभाजी आणि मिरच्या लावल्या. बर्लिनमधलं पहिलं कोरियन स्वयंपाकघर हे असं होतं. मला ते कुठल्याही नावाजलेल्या उपाहारगृहापेक्षा मोठं वाटतं.

पण घरात रांधणं निराळं आणि दुकान मांडणं निराळं. त्यासाठी या देशात आपण राहणार आहोत याची खात्री लागते, आणि ती या बायकांना नव्हती. 1973मध्ये तेलाच्या संकटानंतर पश्चिम जर्मनीने परदेशी कामगारांची भरती थांबवली. 1977च्या सुमारास काही ठिकाणी कोरियन नर्सचे परवाने वाढवून देणं बंद झालं, आता परत जा असं सांगण्यात आलं. तेव्हा त्या एकत्र आल्या. रस्त्यात, रुग्णालयांत उभं राहून त्यांनी सह्या गोळा केल्या. तुम्हाला माणसं हवी होती म्हणून आम्ही आलो, आम्ही बाजारातला माल नाही, परत जायचं की नाही ते आम्ही ठरवू, असं त्यांचं म्हणणं होतं. सहकारी, रुग्ण, चर्चची मंडळी त्यांच्या बाजूने उभी राहिली, आणि 1978मध्ये त्यांना राहण्याचा हक्क मिळाला. खाणकामगारांचा करार तर तीन वर्षांपलीकडे वाढतच नसे. त्यातले कित्येक जण नर्सशी लग्न झाल्यामुळे तिथे राहू शकले. जर्मनीतल्या कोरियन वस्तीचा आधारस्तंभ स्त्रिया आहेत, तो या कारणाने.

महाराष्ट्रातल्या वाचकाने हा भाग जरा थांबून वाचावा. 2024मध्ये आपल्या राज्य सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, आणि त्यात रुग्णसेवाही आहे. कराराची मुदत संपल्यावर काय, हा प्रश्न आपल्या मुलींनी जाण्याआधीच विचारलेला बरा.

राहण्याची हमी मिळाल्यावर किराणा दुकानं आली, तायक्वांदोचे वर्ग आले, चर्चमध्ये रविवारची सामुदायिक जेवणं सुरू झाली, आणि मग छोटी उपाहारगृहं. तेव्हा कोरियन पदार्थ जर्मन गिऱ्हाइकाला ठाऊक नव्हते, म्हणून बऱ्याच मालकांनी पाटीवर चिनी किंवा जपानी पदार्थ लिहिले आणि आपलं जेवण ओळखीच्यांसाठी ठेवलं. ही सगळी हालचाल भिंतीच्या पश्चिमेला. पूर्व जर्मनीचे संबंध उत्तर कोरियाशी होते. त्यांनी युद्धात बेचिराख झालेलं हामहुंग शहर बांधायला मदत केली आणि कोरियन विद्यार्थी आणले, पण प्योंगयांगने, म्हणजे उत्तर कोरियाच्या सरकारने, त्यांना 1960च्या दशकाच्या सुरुवातीलाच परत बोलावून घेतलं. त्यामुळे पूर्वेला अशी वस्ती रुजली नाही, आणि जुन्या वळणाची कोरियन जेवणाची ठिकाणं आजही शोधायची ती शार्लोटेनबुर्ग, श्योनेबेर्ग, वेडिंग या पश्चिमेकडच्या भागांत.

श्योनेबेर्गचं 'इख्थिस' हे त्यातलं ठळक नाव. भिंतींवर बायबलमधली वचनं, मोजकी टेबलं, आणि तापलेल्या दगडी भांड्यात चरचरत येणारा बिबिंबाप, म्हणजे भाज्या, मांस आणि अंडं घातलेला भात. भाताचा तळाचा थर खरपूस होईपर्यंत धीर धरावा, मग ढवळावं.

पुढची लाट मुलांच्या पिढीची. भिंत पडली, राजधानी बर्लिनला आली, संगीत शिकायला कोरियातून विद्यार्थी येऊ लागले. 2009मध्ये तरुणांना वर्षभर काम करत देश पाहण्याचा परवाना देणारी योजना दोन्ही देशांत सुरू झाली, आणि त्याच वर्षी क्रॉइत्सबेर्गच्या स्कालित्झर रस्त्यावर 'किमची प्रिन्सेस' उघडलं. इथे मात्र कोरियन जेवण चिनी-जपानी पाटीआड लपलेलं नव्हतं, नावातच किमची होती. 2013मध्ये दक्षिण कोरियातल्या सामुदायिक किमची घालण्याच्या प्रथेला युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली. ज्या वासासाठी आईच्या पिढीने खिडक्या उघडल्या होत्या, त्यासाठी आता रांगा लागतात.

म्हणून माझा सल्ला असा. भाजलेलं मांस आणि तिखट चिकन हवं असेल, बरोबर चार मित्र असतील, तर क्रॉइत्सबेर्ग किंवा शहराच्या मध्यावरचा मिटे हा भाग. एकटे असाल, थंडीचे दिवस असतील, तर पश्चिमेकडचं लहानसं, घरगुती ठिकाण गाठा आणि द्वेनजांग जिगे मागवा. आंबवलेल्या सोयाबीनचा हा रस्सा कोरियन घरात रोजचा असतो. तो नीट जमला असेल तर बाकीच्या पदार्थांवर विश्वास ठेवायला हरकत नाही. जेवणासोबत छोट्या वाट्यांतून येणारे बानचान, म्हणजे किमची, मोड आलेली कडधान्यं, तिळाच्या तेलातला पालक, आपल्या ताटाच्या डाव्या बाजूसारखे असतात. पारंपरिक रीतीत त्यांचे वेगळे पैसे घेत नाहीत, जर्मनीत काही ठिकाणी घेतात, तेव्हा यादी वाचावी.

शाकाहारी माणसाने आधी विचारून घ्यावं. नेहमीच्या किमचीत मासळीचा सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते, आणि रश्शाचं पाणी बऱ्याचदा सुक्या मासळीचं असतं. मांस काढून दिलेला बिबिंबाप बहुतेक ठिकाणी मिळतो, त्यावरचं अंडं नको असेल तर तसं सांगावं. बर्लिनमध्ये वनस्पतिजन्य आहार घेणारे खूप, त्यामुळे मासळीविना घातलेली किमची ठेवणारी ठिकाणंही आहेत.