पोई फुगते ती विटेच्या जोरावर

जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. तेव्हापासून एक वाक्य सारखं कानावर पडतंय: लाकूड गेलं की पावाची चव गेली. पावावर माझा फार जीव आहे, त्यामुळे ही हळहळ मला कळते. तिच्यामागचं कारण मात्र पटत नाही.

गोव्यात बार्देशातल्या एका पोदेराच्या, म्हणजे पाव भाजणाऱ्याच्या, भट्टीसमोर मी पहाटे बसलो होतो. भट्टी म्हणजे विटा-मातीचा बुटका घुमट. आत लाकडं पेटवतात. घुमट चांगला तापला की निखारे बाजूला ओढतात, काठीला बांधलेल्या ओल्या फडक्याने तळ पुसतात, आणि कोंड्यात घोळवलेल्या चपट्या पोया, म्हणजे गोव्याचे आतून पोकळ पाव, लांब दांड्याच्या फळीवरून थेट विटांवर सरकवतात. तोवर जाळ बसलेला, धूर निघून गेलेला. मग धुराची चव येणार कुठून?

खरी करामत विटेची. तापलेल्या विटेला थंड पीठ टेकलं की दोघांच्या सीमेवर लगेच एक मधलं तापमान ठरतं. ते कोणाकडे झुकेल? पदार्थाची उष्णतावाहकता, घनता आणि विशिष्ट उष्मा यांचा गुणाकार करा आणि वर्गमूळ काढा. ज्याचा आकडा मोठा, त्याची सरशी. वीट आणि भिजवलेलं पीठ यांचे आकडे जवळजवळ सारखेच, हजाराच्या आसपास. पोलादाचा त्यांच्या बारा-तेरा पट. म्हणजे 230 अंशांच्या विटेवर 30 अंशांची पोई ठेवली, तर तिच्या तळाला पहिला चटका साधारण 130 अंशांचा बसतो. त्याच तापमानाच्या जाड पोलादी पत्र्यावर ठेवली, तर 210च्या वर! पत्र्यावर तळ करपतो आणि आतलं पीठ कच्चं राहतं. वीट उष्णता दमादमाने देते, पण देत राहते.

वरून घुमटाचं प्रारण, म्हणजे किरणांनी येणारी उष्णता, येतं. ते निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतं, त्यामुळे घुमट 227 अंशांवरून 327 वर गेला की, 500 केल्विनचे 600 होतात आणि प्रारण दुपटीहून थोडं जास्त होतं. वरची आणि खालची साल एकदमच धरते. मधल्या पाण्याची वाफ होते, आणि 1 ग्रॅम पाण्याची वाफ जवळपास 1.7 लिटर जागा मागते. ती दोन्ही साली दूर लोटते. मी बघत होतो ती पोई आधी एका कडेने उचलली गेली, मग मधोमध टम्म झाली. फोडली तर आत पोकळ.

आजच्या फिरत्या रॅकच्या ओव्हनमध्ये पंख्याने फिरवलेली गरम हवा हे काम करते. हवेत उष्णतेचा साठा तो केवढासा! दार उघडलं की ती निघून जाते, विटांना मात्र त्याचं काहीच वाटत नाही. लादी पाव अशा ओव्हनमध्ये छान होतो. पोईला तळाची विटांची ऊब लागतेच.

आंबवण्याचंही तसंच. पूर्वी पोदेर नारळाची सूर, म्हणजे माडी, घालून पीठ रात्रभर ठेवत, आता यीस्ट घालतात. ‘यीस्ट म्हणजे केमिकल’ असे निरोप व्हॉट्सॲपवर फिरतात, ते साफ खोटे आहेत. सॅकरोमायसिस सेरेव्हिसी ही बुरशी सुरेतही असते आणि पाकिटातही तीच असते. सुरेत तिच्या सोबतीला आम्ल बनवणारे जिवाणू असतात. त्यांना सवडीने काम करू दिलं की हलका आंबूस स्वाद उतरतो. घाईत फुगवलेल्या पावात तो येत नाही.

म्हणून गॅसला माझा विरोध नाही. मुंबईत कितीतरी भट्ट्यांत भंगारातलं, रंग-पॉलिश चढलेलं लाकूड जळायचं, आणि तो धूर आधी भट्टीवरच्या कामगाराच्या छातीत जायचा. बर्नर बसवा, पण घुमट पाडू नका, तळाच्या विटा उखडू नका. खानदेशात पुरणाचे मांडे अजूनही मातीच्या उपड्या खापरावर भाजतात. एवढा पातळ मांडा, खाली धडधडता जाळ, आणि तरी तो करपत नाही. तिथेही हेच गणित चालू असतं.