पान शिवणाऱ्या मुंगीचं जुनं घराणं

बेळगाव जिल्ह्यातलं जांबोटी ओलांडून कणकुंबीच्या वाटेला लागलं की आंब्या-काजूच्या फांद्यांवर पानांचे हिरवे गोळे दिसू लागतात. ही तांबड्या मुंग्यांची घरटी. घाट उतरून गोव्यात गेलं की याच मुंग्यांना हुमले म्हणतात. पानांच्या कडा जवळ ओढून त्या जबड्यात धरून ठेवतात. मग दुसऱ्या मुंग्या आपल्याच अळ्या तोंडात धरून या कडेवरून त्या कडेवर फिरवतात आणि अळीच्या तोंडातून निघणाऱ्या रेशमाने टाके पडत जातात. स्वतः वाढत्या वयात असलेली अळी घरासाठी आपलं रेशीम देऊन टाकते, याचं मला आजही नवल वाटतं.

हे घराणं किती जुनं? केनियातल्या मफांगानो बेटावर याच कुळातल्या मुंग्यांची अख्खी वसाहत दगड होऊन सापडली. तिचा अभ्यास १९६४ साली प्रसिद्ध झाला. तीत अळ्या होत्या, कोषावस्थेतल्या मुंग्या होत्या, लहान-मोठ्या कामकरी मुंग्याही होत्या. त्याहून जुने नातेवाईक युरोपात, बाल्टिक किनाऱ्यावरच्या अंबरात, म्हणजे झाडाची राळ घट्ट होऊन झालेल्या खड्यांत आहेत.

आपल्या भागात हा अभ्यास जंगलखात्याच्या वाटेने आला. बेळगाव मुंबई इलाख्यात असताना रॉटन नावाचे वनाधिकारी मुंग्या गोळा करून स्वित्झर्लंडचे मुंगीतज्ज्ञ फोरेल यांना पाठवत. १८९२ साली रॉटन यांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात मुंग्यांवर सविस्तर लिहिलं. खानापूरकरांना हे नाव वेगळ्याच कारणाने ठाऊक असेल: तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांमधल्या दुर्मीळ वटवाघळाला १९१३ साली त्यांचंच नाव दिलं गेलं.

मुंग्यांचे जीवाश्म मात्र बेळगावच्या काळ्या दगडात शोधून उपयोग नाही. तो लाव्हाचा दगड, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. मुंग्या त्याच्याही आधीच्या. भारतातला मोठा पुरावा मिळाला तो सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइटच्या (तपकिरी कोळशाच्या) खाणीत. साल वृक्षाच्या कुळातल्या झाडांची राळ तिथे सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी गळून घट्ट झाली आणि तिच्यात मुंग्यांसह शेकडो कीटक अडकले. भारताचा भूखंड समुद्रातून एकटाच सरकत आला, तेव्हा इथले कीटक जगावेगळे असतील अशी अटकळ होती. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांचे सगेसोयरे युरोप-आशियात निघाले.

आणखी मागे गेलं की मुंगी ओळखूही येत नाही. अमेरिकेत न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर एका हौशी दांपत्याला सापडलेल्या अंबरातली मुंगी १९६७ साली जगासमोर आली. ती अर्धी मुंगी, अर्धी गांधीलमाशी वाटते. म्यानमारच्या सुमारे ९.९ कोटी वर्षं जुन्या अंबरात वेगळीच मुंगी आहे. तिचा जबडा आडवा न मिटता खालून वर उचलला जाई. त्याच गटातली ब्राझीलमधली एक मुंगी तर ११.३ कोटी वर्षांपूर्वीची, चुनखडीत उमटलेली. तिची ओळख २०२५ साली पटली, तीही संग्रहालयात आधीपासून असलेल्या दगडात. या उभ्या जबड्याच्या मुंग्यांपैकी आज एकही उरलेली नाही.