पेरॉक्साइड–अमाइन विक्रियांतील धातुलवणे

पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमाइन (अमोनियापासून बनलेले नायट्रोजनयुक्त सेंद्रिय संयुग) एकत्र आली, तरी त्यांच्यातील विक्रिया बहुधा संथ चालते. लोह, तांबे, टंगस्टन यांच्या लवणाचा अंशही मिसळला की ती झपाट्याने पुढे सरकते. लवण मात्र खर्ची पडत नाही, म्हणजे ते उत्प्रेरकाचे काम करते.

लोहाचा मार्ग सर्वांत परिचित आहे. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्ये त्याचे वर्णन केले ते टार्टारिक आम्लावरील प्रयोगांतून, म्हणजे नाशिकच्या द्राक्षांना आंबटपणा देणाऱ्या प्रमुख आम्लावरून. हिराकशीतील (फेरस सल्फेटमधील) फेरस आयन पेरॉक्साइडला एक इलेक्ट्रॉन देतो. पेरॉक्साइड फुटून हायड्रॉक्साइड आयन व हायड्रॉक्सिल मुक्तमूलक (एकटा इलेक्ट्रॉन असलेला, अतिशय क्रियाशील कण) तयार होतात. फेरिक झालेला आयन पेरॉक्साइडच्याच दुसऱ्या रेणूमुळे सावकाश पुन्हा फेरस होतो. ॲनिलिनसारख्या, कार्बनचे वलय असलेल्या अमाइनवर हे मूलक आधी वलयाशीच भिडते. पुरेसा वेळ दिल्यास वलय फुटते आणि नायट्रोजन अमोनियम किंवा नायट्रेटच्या रूपात उरतो. रंगद्रव्यांच्या कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करण्यासाठी ही विक्रिया वापरतात.

खरी गोम पीएचमध्ये आहे. लोहाला सुमारे ३ पीएच मानवतो. तो बराच वाढला की लोह गाळ होऊन तळाशी बसते. ॲलिफॅटिक (असे वलय नसलेले) अमाइन मात्र एवढ्या आम्लतेत प्रोटॉन घेऊन बसते. नायट्रोजनवरील इलेक्ट्रॉनजोडी अडकते आणि तिथला हल्ला मंदावतो. एकाला सोयीचे ते दुसऱ्याला गैरसोयीचे!

तांब्याचे वागणे वेगळे. द्राक्षबागांत बोर्डो मिश्रणासाठी लागणाऱ्या मोरचुदात (कॉपर सल्फेटमध्ये) अमोनिया घातला की तांबे व अमोनिया यांचे गडद निळे संकुल बनते. ते अल्कधर्मी पाण्यातही विरघळलेले राहते, पण पेरॉक्साइडचे पाणी व ऑक्सिजनमध्ये विघटनही घडवते. फेस भरपूर, अमाइनचे ऑक्सिडीकरण बेताचे.

सोडियम टंगस्टेट मुक्तमूलकांच्या भानगडीत पडत नाही. ते पेरॉक्साइडला धरून पेरॉक्सोटंगस्टेट बनवते आणि ऑक्सिजन अणू थेट नायट्रोजनला देते. द्वितीयक अमाइनपासून (ज्यातील नायट्रोजनला दोन कार्बन-गट जोडलेले असतात) नायट्रोन हे नायट्रोजनवर ऑक्सिजन असलेले संयुग मिळवण्याची ही रीत १९८४ मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञांनी मांडली.

केशरंगातही हीच जोडी असते: पॅराफेनिलिनडायअमाइन आणि पेरॉक्साइड. केसांवर आधीच्या धातुयुक्त रंगाचे शिसे किंवा तांबे उरले असेल, तर मिश्रण तापते व केस जळतात. पेरॉक्साइडच्या द्रावणात धातू बांधून ठेवणारी द्रव्ये मिसळतात ती नको तिथले उत्प्रेरण रोखण्यासाठीच.