प्रौढांमधील एडीएचडी आणि कलंक

एडीएचडी, म्हणजे अवधान-न्यूनता व अतिचंचलता, ही मेंदूच्या विकासाशी निगडित अवस्था आहे. ती बालपणी सुरू होते. पण वयाबरोबर जातेच असे नाही. प्रौढांमध्ये तिचे प्रमाण साधारण अडीच टक्के मानले जाते. अशा व्यक्तींविषयीचे गैरसमज, त्यांतून नोकरी-शिक्षणात होणारा भेदभाव आणि हळूहळू त्यांच्या स्वतःच्याच मनात बसलेली हीनभावना, या सगळ्याला मिळून एडीएचडीचा कलंक म्हटले जाते.

लक्षणे ओळखीची वाटतात, हेच या कलंकाचे मूळ. किल्ली विसरणे, उशीर होणे, काम अर्धवट राहणे हे सगळ्यांचेच होते. म्हणून ‘आम्हीही विसरतो, त्यात काय?’ असे सहज म्हटले जाते. एडीएचडीत हेच रोज घडते, आणि त्यापायी नोकरी, पैसा, नाती पणाला लागतात. त्यातच आवडत्या कामात तासन्‌तास बुडून जाणारा माणूस दोन ओळींचा अर्ज भरायला तीन आठवडे लावतो. बघणारा म्हणतो, ‘मनावर घेतलं की जमतं याला.’ खरी अडचण लक्ष हवे तिथे वळवण्याची आणि टिकवण्याची असते, आणि ती बाहेरून दिसत नाही. दिसतो तो आळस, बेफिकिरी, वेंधळेपणा.

स्वभावदोषाचा हा शिक्का जुना आहे. १९०२ मध्ये लंडनमधील बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांचे वर्णन करताना ‘नैतिक नियंत्रणातील दोष’ असे शब्द वापरले होते. खुद्द स्टिल यांनी त्याचा ठपका संगोपनावर ठेवला नव्हता. पुढे जुळ्या मुलांच्या अभ्यासांतून या अवस्थेत आनुवंशिकतेचा वाटा ७० टक्क्यांहून अधिक असल्याचे दिसले. तरीही ‘शिस्त लावली नाही’ हे वाक्य आजही ऐकू येते, हे खेदजनक आहे.

‘हा लहान मुलांचा आजार’ ही समजूतही प्रौढांना नडते. अमेरिकी मनोविकार वर्गीकरणाच्या २०१३ च्या आवृत्तीने वयाच्या सतराव्या वर्षापासून निदानासाठी सहाऐवजी पाच लक्षणे पुरेशी धरली आणि लक्षणे सुरू होण्याची वयोमर्यादा सातवरून बारावर नेली. स्त्रियांचे निदान बऱ्याचदा उशिरा होते, कारण शांत बसून स्वप्नांत हरवणारी मुलगी वर्गात कोणाला त्रास देत नाही. निदानापर्यंतची सगळी वर्षे माणूस स्वतःलाच दोष देत काढतो. तीन गजर लावून, रात्रीच पिशवी भरून ठेवूनही दहा मिनिटे उशिरा पोचलेला कर्मचारी दारातच ‘सॉरी’ म्हणतो. गजरांविषयी तो बोलत नाही. सबब वाटेल ही भीती असते.

औषधांभोवतीही संशय आहे. मेथिलफेनिडेटसारख्या उत्तेजक औषधांचा गैरवापर होऊ शकतो, म्हणून त्यांवर नियंत्रण असणे योग्यच; पण नियमित उपचार घेणाऱ्याकडे व्यसनी म्हणून पाहणे अन्यायाचे आहे. अशा नजरेला कंटाळून काहीजण उपचार सोडतात.

समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये दिसणारा कलंक आणि लपवता येणारा कलंक यांत फरक केला होता. एडीएचडी दुसऱ्या गटात मोडते. सूचना लेखी मिळणे, गोंगाटापासून दूर जागा, मोठ्या कामाचे छोटे टप्पे अशा साध्या सोयींनी पुष्कळ फरक पडतो. मात्र सोय मागायची तर निदान सांगावे लागते, आणि एकदा ते सांगितले की पुढची प्रत्येक चूक त्याच खात्यावर लिहिली जाते. म्हणून अनेकजण सोय न मागता, घरी रात्री जागून, दिवसाचे काम पुरे करतात.